जुन्या गोळीने नवा ताप उतरला, हे कसे ठरते?

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या विषाणूची बातमी येते. कधी केरळातला निपाह, कधी पश्चिम घाटातला माकडताप. बातमीपाठोपाठ दोन-तीन दिवसांत मोबाइलवर संदेश फिरू लागतात की, अमक्या आजारावरची जुनी, स्वस्त गोळी या नव्या विषाणूवरही लागू पडते. मी बेळगावात औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षे काम केले आहे आणि असे संदेश हातात धरून काउंटरपाशी उभी राहिलेली माणसे जवळून पाहिली आहेत. २०२१च्या मे महिन्यात शेजारच्या गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना कोरोनासाठी इव्हर्मेक्टिन या जंतांवरच्या जुन्या औषधाच्या गोळ्या देण्याची घोषणा झाली. त्याच आठवड्यात खानापूरकडचे एक गृहस्थ घरातल्या सात जणांसाठी त्या गोळ्या मागायला आले. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याजवळ नव्हती. मी नाही म्हटल्यावर ते चिडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या पंधरा जणांनी घेतल्या बघा. पंधराच्या पंधरा बरे झाले. आता आणि काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

प्रश्न प्रामाणिक होता. मागे रांग होती, त्यामुळे त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर इथे सविस्तर देत आहे.

जुनी औषधे आधी का आठवतात?

नवे औषध शोधून, तपासून बाजारात आणायला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. विषाणू तेवढा थांबत नाही. उलट जुन्या औषधाचा डोस, त्याचे दुष्परिणाम, ते बनवणारे कारखाने आणि त्याची किंमत हे सारे आधीच ठाऊक असते. म्हणून एका आजारासाठी मंजूर झालेले औषध दुसऱ्या आजारावर वापरून पाहणे, म्हणजेच औषधाचा पुनरुपयोग, ही अत्यंत शहाणपणाची वाट आहे. डोकेदुखीवरची ॲस्पिरिन हृदयविकाराच्या रुग्णांच्या डब्यात अशीच पोहोचली. तेव्हा माझा आक्षेप या वाटेला मुळीच नाही. औषध त्या वाटेने खरोखर मुक्कामाला पोहोचले की नाही, हे कोण आणि कसे ठरवते, एवढाच प्रश्न आहे.

काचेच्या बशीतला विजय

बहुतेक बातम्यांचा उगम प्रयोगशाळेत असतो. काचेच्या बशीत पेशी वाढवतात, त्यांना विषाणूची लागण करतात आणि वरून औषध घालतात. एप्रिल २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जाहीर केले की, अशा बशीत इव्हर्मेक्टिन घातल्यावर ४८ तासांत कोरोना विषाणूचे जनुकीय साहित्य सुमारे ५,००० पटींनी घटले. आकडा खरा होता, पण तो बशीतला होता. नेहमीचा डोस घेतल्यावर माणसाच्या रक्तात जेवढे इव्हर्मेक्टिन पोहोचते, त्याच्या पस्तीस पटींहून अधिक प्रमाण त्या परिणामासाठी लागत होते. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ टाकले तर पाणी तोंडात धरवत नाही. तोच चमचा विहिरीत टाकला तर चवीत काडीचाही फरक पडत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरिया आणि सांधेवाताचे जुने औषध. सुरुवातीला ज्या पेशींवर ते यशस्वी ठरले, त्या आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या होत्या. पुढे माणसाच्या फुफ्फुसातून घेतलेल्या पेशींवर तोच प्रयोग केला, तेव्हा औषधाने विषाणूला अडवले नाही. माकडाच्या त्या पेशींत विषाणू ज्या दाराने शिरतो, ते दार हे औषध बंद करते. फुफ्फुसाच्या पेशींत मात्र त्याच्यासाठी दुसरेच दार उघडे असते. मागच्या दाराला कुलूप घातले म्हणून पुढच्या दाराने येणारा चोर थांबत नाही.

म्हणून "प्रयोगशाळेत विषाणू मेला" हे वाक्य वाचले की त्याचा अर्थ "पुढे तपासून पाहण्यासारखे काहीतरी हाती लागले" एवढाच घ्यावा.

पंधरापैकी पंधरा बरे झाले, तरीही?

आता खानापूरच्या त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कोरोना झालेल्या बहुसंख्य माणसांना, विशेषतः तरुणांना, कोणतेही विशेष औषध न घेता बरे वाटत होते. एका गल्लीतल्या पंधरा जणांनी गोळी घेतली नसती, तरी पंधराही जण बरे होण्याची शक्यता बरीच होती. गोळी घेतली, बरे वाटले. या दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, एवढे यातून कळते. पहिलीमुळे दुसरी घडली का, हे कळायला गोळी न घेतलेली, पण बाकी सर्व बाबतींत तशीच असलेली पंधरा माणसे शेजारी उभी करावी लागतात. पुरावा तपासण्याची सारी विद्या त्या "बाकी सर्व बाबतींत तशीच" या शब्दांत आहे.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. समजा, नवे खत विहिरीजवळच्या काळ्या जमिनीतल्या भाताला घातले आणि खताविना असलेले भात माळावरच्या मुरमाड तुकड्यात होते. सुगीला पहिले पीक दुप्पट आले. त्याचे श्रेय कोणता शेतकरी खताला देईल? आजारपणाच्या बाबतीत मात्र हीच चूक मोठमोठी माणसे करतात.

मार्च २०२०मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरातून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा एक छोटा अभ्यास आला आणि जगभर गाजला. औषध २६ रुग्णांना दिले होते, पण हिशेबात २०च धरले. वगळलेल्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते, एकाचा मृत्यू झाला होता, एक जण रुग्णालय सोडून गेला होता आणि एकाने मळमळीमुळे औषध थांबवले होते. नापास मुलांची नावे पटावरून काढून टाकली तर कोणत्याही शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल. तुलनेसाठी घेतलेल्या १६ जणांपैकी काही तर दुसऱ्याच रुग्णालयांतले होते. तो निबंध डिसेंबर २०२४मध्ये अधिकृतपणे मागे घेण्यात आला; तोवर जवळजवळ पाच वर्षे उलटली होती.

प्रत्येक चुकीमागे असा ढिसाळपणा असतोच असे नाही. १९९८-९९मध्ये मलेशियात निपाहची साथ आली, तेव्हा डॉक्टरांनी रायबाविरिन हे जुने विषाणूरोधक औषध १४० रुग्णांना दिले. त्यांपैकी ४५ दगावले, म्हणजे ३२ टक्के. ज्या ५४ जणांना ते मिळाले नाही त्यांपैकी २९ दगावले, म्हणजे ५४ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण औषध न मिळालेले ते ५४ जण कोण होते? औषध उपलब्ध होण्याआधी आजारी पडलेले, किंवा औषध नाकारलेले. साथीच्या आरंभी तर हा आजार जपानी मेंदूज्वर असल्याचाच समज होता. आजाराची नीट ओळख पटल्यावर, डॉक्टरांचा हात बसल्यावर जी सुधारणा झाली असेल, तिचे श्रेय औषधाच्या खात्यावर गेले नसेल कशावरून? पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत रायबाविरिनने निपाहपासून जीव वाचवले नाहीत. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मरणाच्या दारातल्या रुग्णापुढे जे हाती होते ते त्यांनी दिले. तरी एवढ्या वर्षांनंतरही या औषधाबद्दल खात्रीने बोलता येत नाही, याचे कारण त्या तुलनेतली ही फट आहे.

चिठ्ठी टाकून केलेली तुलना

ही फट बुजवण्याचा मार्ग शेतीतूनच आला. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवून दिले की, कोणत्या वाफ्याला खत घालायचे आणि कोणत्या वाफ्याला नाही, हे माणसाने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावे. असे केले की चांगली जमीन, पाणी, ऊन आणि आपल्या लक्षातही न आलेले इतर गुणदोष दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात. माणसांवर हेच केले की त्याला यादृच्छिक नियंत्रित चाचणी म्हणतात. पुढे मी तिला चिठ्ठीची चाचणी म्हणेन. एका गटाला औषध, दुसऱ्याला नेहमीचे उपचार किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कोणती गोळी कोणाला मिळाली हे माहीत नसेल, तर मनाचे खेळही हिशेबातून दूर राहतात.

याचे एक उत्तम उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठरातील व्रणांवरचे, म्हणजे अल्सरचे औषध. ते गर्भाशय आकुंचित करते हे ठाऊक होते. म्हणून बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव त्याने रोखता येईल का, हा प्रश्न होता. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसोबत सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात आपल्याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात त्याची चिठ्ठीची चाचणी केली. १,६२० स्त्रियांपैकी ८१२ जणींना ते औषध आणि ८०८ जणींना औषध नसलेली गोळी मिळाली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनीच गोळ्या दिल्या. आपण देतो ती कोणती, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

या चाचणीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे रक्त मोजण्याची पद्धत. बाळंतपणात किती रक्त गेले, हे एरवी नजरेच्या अंदाजाने सांगतात आणि तो अंदाज बहुधा कमीच निघतो. इथे बाळ जन्मल्यावर आईच्या खाली प्लास्टिकचे एक आच्छादन सरकवत. त्याचे खालचे टोक पिशवीसारखे निमुळते होते आणि त्यावर मोजमापाच्या रेषा होत्या. रक्त त्यात गोळा होई आणि नर्सबाई रेष वाचून आकडा लिहीत. "बाईला बरे वाटतेय" असा शेरा कुठेच नव्हता; होते ते मिलिलिटर.

निकाल असा लागला. औषध नसलेल्या गटात १०० पैकी १२ जणींना रक्तस्रावाचा त्रास झाला, औषधाच्या गटात साधारण सहा जणींना. तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. हुडहुडी आणि ताप हे दुष्परिणाम औषधाच्या गटात अधिक दिसले आणि तेही प्रामाणिकपणे नोंदवले गेले. हिशेब केला तर दर १८ स्त्रियांना गोळी दिल्यावर एकीचा रक्तस्राव टळतो. "निम्म्याने घट" यापेक्षा "अठरांमागे एक" हा आकडा मला अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्यात मूळ धोका किती होता हेही दडलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

कोरोनाच्या वेळी हीच कसोटी लावली, तेव्हा गाजलेली नावे एकेक करून गळाली. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के, तर ते न मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के २८ दिवसांत दगावले. ब्राझीलमधील चाचणीत इव्हर्मेक्टिनच्या गटातील ६७९ पैकी १०० जणांची प्रकृती बिघडून त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले किंवा दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवावे लागले. दुसऱ्या गटातील ६७९ पैकी १११ जणांची. अकरा जणांचा हा फरक पाहून कुणी म्हणेल, थोडा का होईना, फायदा झालाच की. पण नाणे शंभर वेळा उडवले तर बरोबर पन्नास वेळा छापा येत नाही. कधी ४६, कधी ५३ येतो. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि संख्याशास्त्रज्ञांचा हिशेब तेच सांगत होता.

एकच औषध, दोन निकाल

'रिकव्हरी'ने एक खराखुरा विजयही दिला. डेक्सामेथासोन हे साठ वर्षांहून जुने, अगदी स्वस्त स्टिरॉइड. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांत ते न मिळालेल्यांपैकी ४१.४ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी २९.३ टक्के, म्हणजे अशा दर आठ रुग्णांमागे साधारण एक जीव वाचला. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत फायदा लहान होता, २६.२ वरून २३.३ टक्के. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांत १४ टक्के, तर घेणाऱ्यांत १७.८ टक्के निघाले. फायदा तर नाहीच, नुकसानाची शंका.

याचे कारण आजाराच्या टप्प्यांत आहे. पहिल्या दिवसांत शरीराला विषाणूशी लढायचे असते आणि स्टिरॉइड ती लढण्याची ताकदच दाबते. पुढच्या टप्प्यात विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा दाह फुफ्फुसांची नासाडी करतो; तिथे तोच दाब वरदान ठरतो. भाताला लावणीच्या वेळी चिखल हवा असतो, पण कापणीच्या तोंडावर वाफ्यात पाणी साचले तर पीक कुजते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून घरीच स्टिरॉइड घेणारे कितीतरी लोक मी पाहिले. त्यांपैकी अनेकांना मधुमेह होता. पुढे काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या बेसुमार वापराकडे बोट दाखवले. चाचणीचा निकाल अर्धाच वाचला, त्याची ही किंमत होती.

छापून आले म्हणजे खरे काय?

इजिप्तमधील एका अभ्यासाने इव्हर्मेक्टिनमुळे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटल्याचा दावा केला होता. वैद्यकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्यातली मूळ आकडेवारी तपासली, तेव्हा काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याआधीच मरण पावल्याची नोंद सापडली आणि अनेक रुग्णांची माहिती एकमेकांची नक्कल असल्याचे दिसले. जुलै २०२१मध्ये तो अभ्यास मागे घेण्यात आला. त्या एका अभ्यासाचे वजन इतके होते की अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेले अनुकूल निष्कर्षही त्यासोबत ढासळले. नासका बटाटा एकच असला तरी पोत्याला वास लागतो.

उलट दिशेचे उदाहरणही सांगितले पाहिजे. मे २०२०मध्ये 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध आला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घातक आहे, असे तो सांगत होता. त्यामागची माहिती कुणालाच पडताळता येईना आणि दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. आपल्या मताला सोयीचा पुरावाही तेवढ्याच कडकपणे तपासावा लागतो.

जुने औषध निर्धोकच असते ना?

असते, पण ठरलेल्या आजारात, ठरलेल्या डोसात आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि सोबत ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक असले तर धोका वाढतो. शिवाय धोका केवळ घेणाऱ्याला नसतो. मार्च २०२०मध्ये या औषधाची मागणी एकदम उसळली. सरकारला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध घालावे लागले. त्याच दिवसांत शहापूरच्या एक निवृत्त शिक्षिका रिकामी स्ट्रिप घेऊन आमच्याकडे आल्या. सांधेवातासाठी त्या कित्येक वर्षे हीच गोळी घेत होत्या. चार दुकाने फिरून झाली होती आणि आमच्याकडेही एकही गोळी उरली नव्हती. सुजलेल्या बोटांनी त्यांनी ती रिकामी स्ट्रिप घडी घालून पुन्हा पर्समध्ये ठेवली. ज्यांना त्या औषधाचा सिद्ध झालेला उपयोग होता, त्यांच्या वाट्याचे औषध आपण न सिद्ध झालेल्या उपयोगासाठी घरात भरून ठेवले होते.

स्वस्त औषध कंपन्यांना नको असते, म्हणून दडपले जाते?

औषध कंपन्यांच्या नफेखोरीबद्दलचा राग मला समजतो. काउंटरच्या या बाजूने मीही तो अनुभवला आहे. पण डेक्सामेथासोन काही रुपयांत मिळते, त्यावर कुणाची मक्तेदारी नाही, तरी त्याचा निकाल जाहीर झाल्याबरोबर ते जगभर वापरात आले. मिसोप्रोस्टॉलही महाग नाही. सार्वजनिक पैशाने चाचणी झाली की स्वस्त औषधालाही न्याय मिळतो.

माणसे मरत असताना पुराव्याची वाट कशी पाहायची?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्याचे उत्तर तारखांमध्ये आहे. 'रिकव्हरी'त पहिला रुग्ण १९ मार्च २०२० रोजी दाखल झाला आणि डेक्सामेथासोनचा निकाल १६ जूनला जाहीर झाला. तीन महिनेही लागले नाहीत. रुग्णांना औषध नाकारून कुणी वाट पाहत बसले नव्हते. नाही तरी अंदाजानेच द्यायचे होते, तर ते चिठ्ठी टाकून दिले, एवढाच फरक. त्यामुळे प्रत्येक रुग्णाच्या आजारपणातून पुढच्या रुग्णासाठी काहीतरी कळत गेले. आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा उपचाराची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याची, अशी चाचणी केली आणि फायदा नाही हे त्याच वर्षी दाखवून दिले. पण घरोघरी वाटल्या गेलेल्या लाखो गोळ्यांतून आपल्याला काय कळले? कुणाला दिल्या, कुणाला नाही, पुढे काय झाले, याची तुलना करण्याजोगी नोंदच झाली नाही.

हा प्रश्न आपल्या भागात पुन्हा उभा राहणार आहे. माकडताप १९५७मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. गेल्या दशकभरात तो गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांपर्यंत पोहोचला आहे. चोर्ला घाटाच्या परिसरात तिन्ही राज्यांची जंगले एकमेकांना भिडतात, आणि काजूच्या हंगामात आपल्याकडचे मजूर त्याच डोंगरांतून गोव्याला जातात. या तापावर खात्रीचे औषध अजून नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. उद्या एखादे जुने औषध यावर लागू पडते अशी बातमी आली, तर एका तालुक्यात, एका हंगामात सापडणारे रुग्ण इतके थोडे असतील की त्यांच्यावरून काहीच ठरणार नाही. खानापूरचा रुग्ण बेळगावला, दोडामार्गचा सिंधुदुर्ग नाहीतर गोव्याला आणि सत्तरीचा पणजीला जाईल, आणि तीन राज्यांच्या तीन वह्यांत तीन पद्धतींनी नोंदी होतील. हंगाम सुरू होण्याआधीच तिन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकच नोंदपत्रक, एकच मोजमाप आणि चिठ्ठी टाकण्याची एकच पद्धत ठरवून ठेवली, तर दोन-तीन हंगामांत उत्तर मिळू शकेल. मोजमापाच्या रेषा असलेले ते प्लास्टिकचे आच्छादन घेऊन खेड्यापाड्यांत बाळंतपणे करणाऱ्या नर्सबाई याच जिल्ह्यातल्या होत्या.